लाल झाकणाची बाटली

३ फेब्रुवारी, सोमवार

वन्सं आज ड्यूटीवरून आल्या त्या चपला न काढताच स्वयंपाकघरात. एरवी दारात चपलेचा एक बंद जरी वाकडा दिसला तरी बोलतील. मला वाटलं, काहीतरी वाईट घडलं. हातातली सुरी तशीच राहिली.

"वहिनी, तुमच्या लॅबचा उपचार आमच्या वॉर्डात सुरू झाला!"

मी मट्कन खुर्चीत बसले. आमच्या लॅबचा? जी मी एकोणीस वर्षं रोज झाडते, पुसते, जिथली सोल्यूशनं बनवते, त्या लॅबचा?

पक्षाघाताचा झटका आलेला माणूस पहिल्या काही तासांत आला की त्याला मास्क लावायचा. मास्कमधून येणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड थोडा जास्त असतो. त्यानं रक्त किंचित आंबट होतं, आणि आमच्या सरांनी अकरा वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं की तेवढा आंबटपणा मेंदूला वाचवतो. आत्तापर्यंत चौघांना दिला म्हणे. माझ्या सोल्यूशनवर निघालेला निष्कर्ष, आणि माझ्याच नणंदेच्या हातून माणसांना मास्क!

आनंदानं रडू येतं हे ऐकून होते. हे असते तर म्हणाले असते, "आता घरात दोन डॉक्टर झाल्या, मी कोणाकडे जाऊ?" ते गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही नणंद-भावजय दोघीच, तिसऱ्या मजल्यावर, भांडत आणि एकमेकींची चष्म्याची घरं शोधत.

एवढी मोठी गोष्ट कुठेतरी लिहून ठेवावी म्हणून ही वही काढली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी चहा घेताना वन्संनी विचारलं, "पण हे नक्की चालतं कसं? डॉक्टर सांगतात ते डोक्यावरून जातं."

मी सरांकडून जे ऐकलंय ते सांगितलं. मेंदूत विचार करणाऱ्या पेशी असतात, त्यांचाच सगळीकडे बोलबाला. पण त्यांच्या आजूबाजूला आधाराच्या पेशी असतात, चांदणीसारख्या. विचारवाल्या पेशी कामाला लागल्या की बाहेर पोटॅशियम टाकत जातात. सांडलवंड. ती निस्तरायची कोणी? चांदण्यांनी. त्यांच्या अंगाला बारीक दारं असतात, आयन चॅनल म्हणतात त्यांना. त्या दारांतून चांदण्या पोटॅशियम आत ओढून घेतात. दारं मिटली की बाहेर पोटॅशियम साचतं, आणि मग विचारवाल्या पेशी आधी पिसाळतात आणि नंतर गप्प होतात.

"म्हणजे चांदण्या तुमच्यासारख्या," वन्सं म्हणाल्या. "दुसऱ्याचा पसारा आवरणाऱ्या."

"आणि तुमच्यासारख्या."

रक्त अडलं की मेंदूचा तो भाग आंबट होतो. प्रश्न एवढाच होता की आंबटपणात दारं उघडतात की मिटतात. सगळ्यांना वाटायचं, मिटतात. सरांनी मोजून दाखवलं, आमच्या चांदण्यांची उघडतात. म्हणून मग हा मास्क.

१० फेब्रुवारी, सोमवार

आमच्याकडे महिन्याभरापूर्वी एक नवीन डॉक्टर रुजू झालीय. औषधं देणारी डॉक्टर नव्हे, संशोधनवाली. सारखी तुरुतुरु पळते आणि खिशातून बिस्किटं कुरतडते, म्हणून मी मनात तिला खारूताई म्हणते. स्वतःची सोल्यूशनं स्वतः बनवते. याचा मला जरा रागच आहे.

आज ती सरांकडे गेली. दार उघडंच होतं आणि मी समोरच्या कपाटात काचेची भांडी लावत होते.

"सर, आठवडा झाला. आंबट सोल्यूशन टाकलं की दारं मिटतात. प्रत्येक वेळी."

सर हसले. "मनगट अजून तयार झालेलं नाही तुमचं. पेशीला काचेची नळी लावायची म्हणजे गाण्यातल्या सुरासारखं असतं. घाई केली की बेसूर."

तिचा चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटलं, पण थोडं बरंही वाटलं. खोटं कशाला लिहू?

१२ फेब्रुवारी, बुधवार

सरांनी मला बोलावलं. "बाई, त्या मुलीला तुमच्या हातचं सोल्यूशन द्या. कृतीच्या जुन्या कार्डाप्रमाणे. जसंच्या तसं."

दिलं. तासाभरात खारूताई बाहेर आली ती भूत पाहिल्यासारखी. दारं उघडली होती! दारांतून वाहणाऱ्याचा आकडा जवळजवळ दीडपट.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा. काही हातांनाच चव असते." सगळे हसले. मी लाजले. बावन्नाव्या वर्षी लाजण्याचे प्रसंग कमीच येतात.

खारूताई मात्र हसली नाही. ती माझी बाटली उजेडात धरून बघत बसली, जणू तळाशी काही बसलंय का ते शोधतेय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वन्सं आल्या आणि न जेवता पलंगावर पडल्या. त्यांच्या वॉर्डात एक घड्याळं दुरुस्त करणारे काका होते. अर्धं अंग लुळं, तरी पडल्या पडल्या म्हणाले, "सिस्टर, तुमचं भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे. स्टूल घ्या, मी सांगतो तसं करा." वन्संनी केलं. तेव्हापासून त्यांचे लाडके. मास्क लावल्यावर त्याच संध्याकाळी त्यांना आकड्या आल्या. काल पुन्हा. आज गेले.

मास्कवाल्या सहांपैकी तिघांना आकड्या आल्यात. डॉक्टर म्हणतात, आजारच तसा आहे.

मी वन्संच्या डोक्याला तेल लावून दिलं. 

१७ फेब्रुवारी, सोमवार

 आज घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

सकाळी खारूताई म्हणाली, "ताई, तुम्ही सोल्यूशन बनवताना मी शेजारी उभी राहू?" नाही कशाला म्हणू? लपवण्यासारखं काय आहे माझ्याकडे?

सगळे क्षार मोजून घातले. ढवळायचा स्टरर सुरू केला. आंबट सोल्यूशनची पावडर टाकली की पीएच एकदम खाली जातो, चारच्या आसपास. मग वरून अल्कलीचे थेंब टाकत टाकत तो सहा पॉइंट चारवर आणायचा. मी बाटली घेतली आणि ड्रॉपर बुडवला.

"थांबा," खारूताई म्हणाली. "ही कोणती?"

"लाल झाकणाची. पोटॅशियमची."

"आणि साधं सोल्यूशन कशानं जुळवता?"

"निळ्या झाकणाची. सोडियमची."

"का?"

"कार्डावर तसंच आहे."

ती स्टुलावर बसली. बिस्किट हातात होतं ते तिनं परत खिशात ठेवलं.

"ताई, आपण पेशीच्या बाहेरच्या सोल्यूशनमध्ये पोटॅशियम मोजून पाच घालतो. हे थेंब टाकून तुम्ही त्यात आणखी सहा-सात घालताय. म्हणजे दुपटीहून जास्त. आणि बाहेर पोटॅशियम वाढलं की ही दारं नुसत्या त्यानंच जास्त वाहायला लागतात. आंबटपणा असो नसो."

मला कळलं नाही. म्हणजे कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं.

"मग आंबटपणानं काय होतं?"

"मिटतात. बरीचशी मिटतात. उरलेल्यांतून एवढं वाहतं की एकूण आकडा वाढलेला दिसतो."

तिनं माझ्यासमोरच निळ्या झाकणाची बाटली घेऊन दुसरं सोल्यूशन जुळवलं. आत गेली. मी बाहेर बीकर धूत राहिले. एकच बीकर, किती वेळा धुतला कोण जाणे. ती दारात आली आणि म्हणाली, "मिटली."

अकरा वर्षं. पायाखालची जमीन सरकणे म्हणतात. पण मला वाटलं, जमीन आहे तिथेच आहे, माझेच पाय नाहीत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पहाटे जाग आली आणि घड्याळवाले काका आठवले. ताडकन उठून बसले. दारं मिटली, तर पोटॅशियम साचणार. साचलं, तर पेशी पिसाळणार. पिसाळणार म्हणजे काय? आकड्या! मी स्वतःच्या तोंडानं वन्संना चहाबरोबर समजावून सांगितलं होतं, आणि पुढच्याच आठवड्यात त्या आकड्यांचं सांगत होत्या तेव्हा मी काय केलं? डोक्याला तेल लावलं.

दहा वाजता सरांकडे गेले. सगळं सांगितलं, मान खाली घालून. चूक माझीच आहे. अकरा वर्षांपूर्वीचं सगळं लख्ख आठवतं. निळी बाटली संपली होती, नवी यायची होती. पीएचच जुळवायचा आहे ना, कोणती का अल्कली, असा विचार करून मी लाल वापरली. त्याच दिवशी तो मोठा निष्कर्ष निघाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग निळी बाटली आली, मी पुन्हा निळी वापरायला लागले, आणि आठवडाभर काहीच निघेना. सर स्वतः माझ्या टेबलाशी आले, स्टुलावर बसले, म्हणाले, "बाई, त्या दिवशी काय वेगळं केलंत? नीट आठवा." मी आठवून सांगितलं, बाटली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीच बाटली वापरा. काही बदलू नका. कार्डावर लिहून ठेवा." मी लिहिलं. अक्षर माझंच आहे.

एवढा मोठा माणूस, शंभर व्याप. मी सांगितलं तरी त्यांच्या डोक्यात शिरलं नसणार. खरं तर बाटली बदलताना मीच आधी विचारायला हवं होतं.

आज ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. फक्त विचारलं, "कोणाकोणाला माहीत आहे?"

"खारू... त्या नवीन डॉक्टरांना."

"घरी बोललात?"

"नाही."

"नका बोलू. हॉस्पिटलशी मी बोलतो. पद्धतशीर झालं पाहिजे." मग कार्ड मागितलं. मी दिलं. त्यांनी ते घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. खरंच किती शांत माणूस! माझा जीव थोडा भांड्यात पडला. आज दुपारीच मास्क थांबतील.

२० फेब्रुवारी, गुरुवार

खारूताई दोन दिवस दिसली नाही. सरांनी तिला रजा दिलीय म्हणे, थकलेली दिसते म्हणून. मला बरं वाटलं, पोरीची काळजी घेतात.

संध्याकाळी सहाला वन्सं आल्या. मी चहा टाकला. त्या पाय वर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आज एक बस चालवणारी बाई आली. पंचेचाळीसची. गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग कोसळली, बघा! चाळीस माणसं वाचवली. तिला आत्ताच मास्क लावून आले."

माझ्या हातातली गाळणी खाली पडली.

"आज? मास्क?"

"मग? तुमच्याच लॅबचा की."

"सर बोलले नाहीत?"

"कोणाशी?"

सरांची आणि हॉस्पिटलच्या डॉक्टरांची चुकामूक झाली असेल. फोन लागला नसेल. पण मला थांबवेना. जे नको बोलू म्हणाले होते ते सगळं मी उभ्या उभ्या बोलून टाकलं. बाटली, दारं, काका.  वन्सं ऐकत ऐकतच उठल्या, घरातल्या सपाता तशाच पायात, आणि जिन्यानं खाली. तिसऱ्या मजल्यावरून. लिफ्टची वाट बघायला त्या थांबल्या नाहीत. मी गॅस बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. गुडघ्यांचा त्रास असलेली बाई रस्ता ओलांडून हॉस्पिटलच्या दिशेनं पळताना दिसली.

पाऊण तासानं फोन आला. "मी मास्क काढला आणि मग डॉक्टरांना कळवलं. याच क्रमानं. उद्या मला काय करायचं ते करोत."

"आणि ती बाई?"

"झोपलीय. बोटं हलवतेय."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उपचार बंद केले. सकाळी वॉर्डाच्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोरच सरांना फोन लावला. त्यांना कोणीही, काहीही, आधी कळवलेलं नव्हतं. फोन ठेवल्यावर डॉक्टर माझ्याकडे असे बघत राहिले की मी म्हटलं, "सर विसरले असतील. फार काम असतं त्यांना."



वन्संना जाब विचारणारी नोटीस आली, आणि संध्याकाळी मागेही घेतली.

३ मार्च, सोमवार

चौकशी समिती बसणार आहे. सरांनी बोलावलं. डोळ्यांखाली काळं झालंय. बिचारे.

"बाई, एक निवेदन तयार केलंय. तुम्हाला त्रास नको म्हणून मीच लिहून आणलं. वाचा आणि सही करा. वयाचा विचार करून तुम्हाला सन्मानानं लवकर निवृत्ती मिळेल, ते मी बघतो."

मी वाचलं. "मी माझ्या मनाने, कोणालाही न सांगता, चुकीची बाटली वापरली व तसेच कार्डावर नोंदवले." पेन उघडलं होतं, एवढ्यात लक्षात आलं.

"सर, यात टायपिंगची चूक आहे."

"कुठे?"

"'कोणालाही न सांगता.' तुम्हाला सांगितलं होतं की मी. तुम्ही स्टुलावर बसून विचारलंत, मी बाटलीचं सांगितलं. कार्डावर लिहा असं तुम्हीच म्हणालात. एवढं दुरुस्त करा, बाकी सगळं बरोबर आहे."

 त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं. मी दिलं नव्हतं, त्यांनी घेतलं. "असू दे," म्हणाले. "नंतर बघू."

चुकीच्या कागदावर मी सही करत नाही एवढंच. यात रागवण्यासारखं काय होतं?

१२ मार्च, बुधवार

समितीसमोर जाऊन आले. लांब टेबल, तीन माणसं, पाण्याचे चार ग्लास. चौथा माझा आहे हे कळायला वेळ लागला. अध्यक्षबाई पांढऱ्या केसांच्या, आवाज मऊ.

मी ठरवूनच गेले होते. आपल्यामुळे सरांवर बालंट यायला नको. म्हणाले, चूक माझी. सरांना दोष देऊ नका. ते इतके काळजी घेणारे, की निष्कर्ष निघेनासा झाला तेव्हा स्वतः येऊन बसले, त्या दिवशी काय वेगळं केलं ते खोदून खोदून विचारलं, आणि मी बाटलीचं सांगितल्यावर तीच वापरा, कार्डावर लिहा, असं बजावून गेले. एवढं लक्ष कोण घालतं?

तिघांचीही पेनं थांबली.

"पुन्हा सांगा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सावकाश."

मी पुन्हा सांगितलं.

"बाटली पोटॅशियमची आहे, असं तुम्ही स्पष्ट म्हणालात?"

"हो. लाल झाकणाची, पोटॅशियमची."

"आणि हे त्यांचा लेख छापून येण्याआधी की नंतर?"

"आधी. सहा महिने तरी. म्हणून तर लेखातले आकडे इतके स्वच्छ आले."

टोकाला बसलेल्या गृहस्थांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाण्याचा ग्लास सरकवला. म्हणाल्या, "धन्यवाद. तुम्ही फार मदत केलीत."

म्हणजे सरांची बाजू नीट मांडली गेली. बरं झालं.

१३ मार्च, गुरुवार

काल वन्संना सगळं जसंच्या तसं सांगितलं तेव्हा त्या कपडे इस्त्री करत होत्या. इस्त्री उभी करून ठेवली त्यांनी.

"वहिनी, तुम्ही काय सांगून आलात ते तुम्हाला कळलं का?"

"सरांची बाजू."

"त्यांना माहीत होतं, वहिनी. अकरा वर्षं माहीत होतं."

मी म्हटलं, काहीतरीच. व्याप असतात त्यांना. लक्षात आलं नसेल.

"लक्षात आलं नसतं तर ते स्टुलावरून उठून गेले असते. तीच बाटली वापरा म्हणाले नसते. जो माणूस आयुष्यभर ही दारं मोजतो त्याला पोटॅशियम म्हणजे काय ते कळत नाही? मला पंधरा मिनिटांत कळलं, आणि मी बेडपॅन बदलणारी बाई!"

मी भांडले. फार भांडले. शेवटी म्हटलं, तुम्हाला पहिल्यापासून ते आवडत नाहीत. मग खोलीत गेले, दार लावलं आणि पलंगावर बसून तो दिवस पुन्हा पहिल्यापासून आठवला. ते बराच वेळ बोलले नव्हते. त्या बऱ्याच वेळात काय चाललं होतं, हे मी अकरा वर्षांत एकदाही स्वतःला विचारलं नाही. आणि "कोणाकोणाला माहीत आहे?" आणि खिशात गेलेलं कार्ड. आणि ती रजा. आणि टायपिंगची चूक. देवा, टायपिंगची चूक! त्यांच्या तोंडावर, बोट ठेवून दाखवली मी!

  

आज सकाळी वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "मी त्यांना वाचवायला गेले होते हो."

"माहीत आहे."

"मी काहीच चूक केली नाही असं म्हणा."

वन्संनी ते म्हटलं नाही. त्या माझ्या पायाशी बसल्या. "तुम्हीही विचारलं नाहीत, वहिनी. कार्डावर आहे म्हणून थेंब टाकत राहिलात. आणि मीही विचारलं नाही. काकांचा मास्क मी माझ्या हातानं लावला. पट्टा कानाला काचतोय म्हणाले, तर मी खाली कापूस ठेवून दिला. नीट बसावा म्हणून."

मग त्या रडल्या. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं, भाऊ गेला तेव्हासुद्धा नाही.

२८ मार्च, शुक्रवार

सर लॅब सोडून गेले. राजीनामा म्हणतात, काढलं म्हणतात. लेख मागे घेणार आहेत. काकांच्या घरी आणि मास्क लावलेल्या बाकी सगळ्यांच्या घरी पत्रं गेलीत. बस चालवणारी बाई काठी घेऊन चालतेय, असं वन्सं सांगत होत्या.

आज जिन्यात सर समोर आले. हातात खोका, खोक्यात पुस्तकं. मी भिंतीला लागून वाट दिली, सवयीनं. ते थांबले.

"बाई, तुम्हाला कल्पना नाही. एकदा लेख छापून आला की मागे वळता येत नाही."

मी दोन आठवडे मनात जे जे जुळवून ठेवलं होतं त्यातलं एक अक्षर आठवेना. तोंडातून एवढंच आलं, "पण तेव्हा छापून कुठे आला होता, सर?"

 ते खोका सावरत खाली उतरले. मी कठडा धरून तिथेच उभी. एवढं साधं विचारायला मला अकरा वर्षं लागली.

११ एप्रिल, शुक्रवार

महिनाभर मी फक्त झाडलोट केली आणि काचेची भांडी धुतली. सोल्यूशन करवेना. ड्रॉपर हातात घेतला की परत ठेवून द्यायचे. आज खारूताई आली, बिस्किटाचा अख्खा पुडा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "सगळं पहिल्यापासून मोजायचंय. तुमच्याशिवाय कोणाकडे मागू?"

केलं. प्रत्येक थेंब मोठ्यानं मोजत. ती ऐकत राहिली.

मग म्हणाली, "चला आत."

"मी? आत काय करू?"

"बघा."

एकोणीस वर्षांत मी त्या खोलीत फक्त बाटल्या ठेवायला गेलेय. कोणी बस म्हटलं नाही, मीही कधी म्हटलं नाही की बघू द्या. तिनं मला भिंगासमोर बसवलं. आधी नुसतं धुरकट. मग तिनं एक चाक फिरवलं आणि ती दिसली. लहानशी, चहूकडे फाटे फुटलेली. खरोखर चांदणीसारखी! मला वाटायचं, सर समजावून सांगायला म्हणतात. शेजारून काचेची नळी आली, केसापेक्षा बारीक, आणि पेशीला चिकटली. पडद्यावर एक रेघ खोल उतरली आणि तिथेच थांबली.

"ही दारं वाहताहेत," खारूताई म्हणाली. "आता आंबट सोडते."

 रेघ थोडा वेळ तशीच. मग हळूहळू वर यायला लागली, शून्याकडे. कुठेही अडली नाही. निम्मी झाली, निम्म्याहूनही कमी झाली. माझ्या डोळ्यांसमोर दारं मिटली.

"पुन्हा दाखवता?"

तिनं साधं सोल्यूशन सोडलं. रेघ परत उतरली. पुन्हा आंबट. पुन्हा मिटली. चार वेळा बघितलं मी. पाचव्यांदा विचारायची लाज वाटली, तर तिनंच न विचारता दाखवलं.

मग तिनं वही पुढे केली. "पाहणाऱ्याची सही लागते. काय पाहिलं तेही लिहा."

काय लिहू? तिचे मोठे शब्द मला येत नाहीत. मी लिहिलं, "आंबट केल्यावर दारं मिटली. पाच वेळा. मी स्वतः पाहिलं." खाली सही केली.

घरी आले तेव्हा वन्सं भांडी घासत होत्या. मी सांगितलं. त्यांनी नळ बंद केला.

"नुसत्या डोळ्यांना दिसतं?"

"दिसतं. पडद्यावर."

"मोठं काही शिकायला लागतं का त्यासाठी?"

"नाही. मला दिसलं की."

"खरं-खोटं बघायला किती वेळ लागतो?"

"अर्धं मिनिट."

वन्सं ओले हात तसेच घेऊन खुर्चीत बसल्या. "अर्धं मिनिट?"

"हो."

"एवढंच?"

"एवढंच, वन्सं."